यंदा मावशी कोण?

दहावीच्या वर्गाला गॅदरिंगमध्ये नाटक करू द्यायचं की नाही, यावरून आमच्या स्टाफरूममध्ये दर दिवाळीनंतर वादावादी व्हायची. गणिताचे सर म्हणायचे, बोर्डाचं वर्ष आहे, पोरांना पाठांतरच करायचं असेल तर प्रमेयं करू देत. इंग्रजीच्या मॅडम म्हणायच्या, एखादा डान्स बसवा, तीन मिनिटांत मोकळे. मुख्याध्यापक दोघांचं ऐकून घ्यायचे आणि शेवटी माझ्याकडे बघायचे. नाटक बसवायचं ते मराठीच्या शिक्षकाने, हा शाळाशाळांमधला अलिखित नियम आहे. आवड आहे का, अनुभव आहे का, कोणी विचारत नाही. त्याच नियमाने चित्रकलेचे सर नेपथ्यकार होतात आणि पी.टी.चे सर पडदा ओढतात.

शाळा सांगली जिल्ह्यातली, तासगावच्या बाजूची. म्हणजे द्राक्षपट्टा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं आणि तिथून मराठी रंगभूमी सुरू झाली, म्हणून सांगली ही नाट्यपंढरी, असं गॅदरिंगला आलेला प्रत्येक प्रमुख पाहुणा सांगायचा. तो हे ज्या स्टेजवर उभा राहून सांगायचा ते मंडपवाल्याचं असायचं. खाली लोखंडी घोड्या, वर फळ्या, फळ्यांवर सतरंजी. कुणी जोरात चाललं की माइकमधून ढोल वाजल्याचा आवाज यायचा. पंढरीच्या इतक्या जवळ राहून आम्हाला कायमचं स्टेज मिळालं नाही ते नाहीच.

मी सांगते तो वर्ग दहा-बारा वर्षांपूर्वीचा. त्या पोरांनी आधीच ठरवून टाकलं होतं की नाटक करायचं आणि विनोदी करायचं. वर्गप्रतिनिधी मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, संदेश नको.” मला तिचं म्हणणं बरोबर कळलं. आठवीत त्यांनी व्यसनमुक्ती केली होती, नववीत पाणी वाचवलं होतं. दोन्ही वेळा शेवटी सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून हात पुढे करून एका सुरात घोषणा दिल्या होत्या. शाळेला विनोदी नाटकाची भीती वाटते ती अश्लीलतेमुळे असं म्हणतात, पण मला तसं वाटत नाही. विनोदी नाटकातून मुलं काय शिकली, ते अहवालात लिहिता येत नाही. व्यसनमुक्ती एका ओळीत लिहिता येते.

बऱ्याच खलानंतर ठरलं आचार्य अत्र्यांचं ‘मोरूची मावशी’. तीन अंकांचं नाटक आम्ही चाळीस मिनिटांवर आणलं. अत्रे गेले १९६९ साली आणि आपल्याकडे लेखकाचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांकडे राहतात. म्हणजे परवानगी मागायची ती त्यांच्याकडे, हे मुलांना त्या निमित्ताने कळलं. पत्र लिहिणाऱ्या मुलीला ‘औपचारिक पत्रलेखन’ हा प्रश्न पहिल्यांदाच खरा वाटला असावा. आणि हो, अत्रे मुळात शाळामास्तर. पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक. आमच्या मुख्याध्यापकांना हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं. परवानगीला त्याचा उपयोग झाला असेल किंवा नसेल.

कथा बहुतेकांना माहीत असेल. दोन तरुणांना आपापल्या मैत्रिणींना खोलीवर बोलवायचंय, पण घरात कुणी वडीलधारी बाईमाणूस असल्याशिवाय मुली येणार कशा? मोरूची श्रीमंत मावशी येणार असते, ती येत नाही. मग एका मित्राला साडी नेसवून मावशी म्हणून बसवतात. पुढे म्हातारे त्या मावशीच्या मागे लागतात आणि शेवटी खरी मावशी दारात उभी राहते. मूळ नाटक इंग्रजी, ब्रँडन थॉमसचं ‘चार्लीज आंट’. १८९२ साली ते लंडनमध्ये आलं आणि पहिल्याच फेरीत त्याचे १,४६६ प्रयोग झाले. अमेरिकेतल्या हायस्कुलांत शेवटच्या वर्षाच्या वर्गाने एक नाटक करायचं, तिकिटं विकायची आणि त्या पैशांत वर्गाची सहल काढायची अशी जुनी रीत होती. तिथल्या पोरांनीही ही मावशी भरपूर नाचवली. आमच्याकडे तिकीट नव्हतं. हार, नारळ, शाल यांचा खर्च तेवढा होता आणि त्यातलं काहीच नाटकाच्या वाट्याला येत नव्हतं.

हे नाटक मराठीत आलं तेव्हा एक मोठी गंमत झाली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पुरुषाने बाईचे कपडे घालणं हे लंडनच्या प्रेक्षकाला मुळातच हसू आणणारं. आपल्याकडे तो विनोद नव्हताच, ती परंपरा होती. बालगंधर्वांच्या साड्या आणि दागिने बघून घरंदाज बायका तसं नेसायच्या, तसं घालायच्या. नाटकात बायकांची कामं बायकांनी करणं रुळलं ते तीसच्या दशकापासून पुढे. अत्र्यांनी मावशी आणली ती स्वातंत्र्याच्या सुमारास, म्हणजे समोरच्या खुर्च्यांवर बालगंधर्वांची भामिनी आणि सिंधू बघून डोळे पुसलेली माणसं बसलेली असणार. त्यांना नुसती साडी नेसलेला पुरुष दाखवून हसू येणं शक्य नव्हतं. तिथे विनोद झाला तो या पुरुषाला ते जमत नाही याचा. तो जीव तोडून बाई व्हायला बघतो आणि दर दोन वाक्यांनी त्याच्यातला पुरुष बाहेर डोकावतो. मावशी उत्तम बाई झाली तर नाटक पडतं. मावशीने प्रयत्नच केला नाही तरी पडतं.

हे मला वाचून कळलं होतं. दिसलं ते तालमीत.

मावशीच्या कामासाठी आलेला पोरगा वर्गातला नकल्या. सगळ्या शिक्षकांच्या नकला करायचा, माझीसुद्धा, आणि माझी चांगली करायचा. पहिल्याच दिवशी तो तयारीनिशी आला. विजय चव्हाणांनी ऐंशीच्या दशकात ही मावशी अशी गाजवली की पुढच्यांसाठी काही शिल्लक ठेवलं नाही. ते सगळं आता मोबाइलवर मिळतं. पोराने त्यांची चाल, मानेचे झटके, हाताचे हेलकावे सगळं उचललं होतं. वर्ग हसून लोळला. मी त्याला म्हटलं, छान, आता यातलं काहीही करायचं नाही. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. “मग हसतील कसं मॅडम?” मी म्हटलं, ते त्यांचं ते बघतील, तू हसवायला जाऊ नकोस.

हे वाक्य बोलायला सोपं आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला, ज्याची वर्गातली सगळी पत हसवण्यावर उभी आहे, त्याला ते कसं पटावं? चार-पाच दिवस त्याने माझं ऐकलं आणि त्याची मावशी अगदी मेली. वाक्यं पाठ, हालचाली ठरलेल्या, आणि वर्गात कोणी हसेना. मोरू झालेल्या मुलाने मला बाजूला घेऊन सांगितलं की मॅडम, याच्यापेक्षा पहिलं बरं होतं.

मग शाळेच्या मावशी मदतीला आल्या. आमच्याकडे शिपाई बाईंना सगळे मावशीच म्हणतात, मुलंही आणि आम्हीही. त्या रोज वर्ग झाडायला म्हणून यायच्या आणि झाडू हातात धरून दाराशी तालीम बघत उभ्या राहायच्या. एके दिवशी त्यांना राहवेना. म्हणाल्या, “आरं, बाई अशी येती व्हय घरात?” आणि झाडू भिंतीला टेकवून त्यांनी येऊन दाखवलं. दाराच्या चौकटीत क्षणभर थांबल्या. डाव्या हाताने पदराचा शेव धरून उजव्या खांद्यावरून पुढे ओढून घेतला. मगच समोर बघितलं, तेही एकदम नाही, आधी जमिनीकडे, मग कोण कोण बसलंय त्यांच्याकडे. बसताना निऱ्या दोन्ही गुडघ्यांमध्ये दाबून घेतल्या आणि खुर्चीच्या अर्ध्यावरच बसल्या. “आधी पदर बघायचा, मग माणूस बघायचं,” त्या म्हणाल्या. “पुरुष माणसं बसलेली आसली की असंच आसतंय.”

वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. सलवार-कमीजच्या गणवेशातल्या त्या मुलींनाही हे कोणी समोर ठेवून दाखवलं नव्हतं, आणि तरी त्यांना ते सगळं ओळखीचं होतं.

त्या दिवसापासून पोराला काम सापडलं. प्रत्येक एन्ट्रीला तो आधी पदर बघायचा, मग माणूस. फक्त त्याच्या हाताला ते वळण नव्हतं, त्यामुळे पदर सापडायलाच त्याला वेळ लागायचा. डाव्या खांद्यावर चाचपायचा, पाठीमागे शोधायचा, सापडला की सुटकेचा श्वास टाकून सावरायचा आणि मग भानावर येऊन लाजायचा. लाजायचं तो विसरायचा आणि उशिरा लाजायचा. यातलं मी काहीही सांगितलेलं नव्हतं. तो मनापासून नीट बाई व्हायला बघत होता आणि ते जमत नव्हतं, बस्स. वर्ग परत हसायला लागला. या वेळी तो स्वतः का हसतायत म्हणून गोंधळून बघायचा, की आणखी हसायचे.

तालमी शाळा सुटल्यावर. वाड्यावस्त्यांवरच्या मुलींची शेवटची एसटी पावणेसातची, म्हणजे हातात जेमतेम तास. त्यात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेत कामाचा धडाका. ढग आले की द्राक्षावर डावणी रोगाची भीती आणि बाप पोराला फवारणीला बोलावून घेणार. मोरू एकदा फवारणी अर्धी टाकून पळत आला. हातांवर कोपरापर्यंत बोर्डो औषधाचे निळे डाग. तशा हातांनी तो प्रेयसीला फूल देत होता आणि ती मुलगी म्हणत होती, “आधी हात धू जा, मोरचूद हाय त्ये.” हे वाक्य आम्ही नाटकात ठेवावं की काय यावर बरीच चर्चा झाली. नाही ठेवलं. अत्र्यांच्या नाटकात आपली भर घालायला मी बंदी केली होती. एकदा भर घालायला सुरुवात झाली की पोरं मूळ नाटक विसरतात आणि आपल्याच वाक्यांवर खूश होतात.

विनोदी नाटकाच्या तालमीत एक अडचण असते, ती गंभीर नाटकात नसते. तालमीत प्रेक्षक नसतो आणि विनोदी नाटकात प्रेक्षक हे एक पात्र असतं. त्याची वाक्यं कुठे येणार हे नटाला ठाऊक असावं लागतं. वर्गातली मुलं दहाव्यांदा ऐकून हसेनाशी झाली, की नटांना वाटायला लागतं हे वाक्य पडलं. म्हणून मी एक दिवस सातवीचा वर्ग आणून बसवला. सातवीची पोरं बिनपैशाची हसतात. पहिल्या पाच मिनिटांत असा गोंगाट झाला की मोरूची तीन वाक्यं हशात वाहून गेली, आणि नेमकी त्यातच गोष्ट होती.

मग हशा घ्यायला शिकवणं आलं. हशा चढतोय तोवर थांब. उतरायला लागला की बोल. पार संपू देऊ नकोस, संपला की सगळं गार पडतं. आणि थांबलास म्हणून पुतळा होऊ नकोस, जे करत होतास तेच करत राहा. सांगून हे कळत नाही, कानाला कळावं लागतं. वर्गातल्या हुशार मुलाला, पहिला येणाऱ्याला, ते शेवटपर्यंत जमलं नाही. प्रश्न आला की उत्तर, ही त्याची सवय. गप्प राहून वाट बघण्याचे गुण त्याला कधी कोणी दिलेच नव्हते. आणि ज्याला मी वर्गात कधी सलग दोन वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं, तो नोकराचं काम करणारा पोरगा थांबण्यात असा तयार निघाला की त्याच्या एका “बरं”वर टाळी पडायची.

सगळ्यात अवघड काम मात्र विंगेत होतं. प्रॉम्प्टिंगला तीच वर्गप्रतिनिधी मुलगी होती, संदेश नको म्हणणारी. तिला स्टेजवर यायचं होतं, पण घरून परवानगी नव्हती. गाण्याला चालेल, भाषणाला चालेल, नाटकात नको. कारण कुणी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. साधं नाटक असलं की प्रॉम्प्टरचं काम सरळ असतं, नट गप्प झाला की वाक्य द्यायचं. विनोदी नाटकात नट दोन कारणांनी गप्प होतो. विसरला म्हणून किंवा हशासाठी थांबला म्हणून. थांबलेल्याला वाक्य दिलं की हशाचा चुराडा. विसरलेल्याला नाही दिलं की नाटकाचा. तिने वहीत लाल पेनाने खुणा केल्या होत्या. काही वाक्यांपुढे लिहिलं होतं, ‘थांबलाय, विसरला नाही’. एका ठिकाणी होतं, ‘इथे हा दर वेळी विसरतो, डोळे मोठे करतो’. ती वही मी बघितली तेव्हा मला वाटलं, दिग्दर्शन मी करत नाहीये.

गॅदरिंगचा दिवस. पाहुणे दीड तास उशिरा. मग दीपप्रज्वलन, वाऱ्याने विझलेली ज्योत परत लावणे, स्वागतगीत, अहवालवाचन, नाट्यपंढरीचा उल्लेख, बक्षीस समारंभ, बालवाडीची पाखरं, पाचवीची कोळीगीतं. नाटक सुरू झालं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. थंडी कडक. निम्मं गाव शाली, स्वेटरं, कानटोप्या घालून बसलेलं. घरी जायच्या बेताला आलेली माणसं नाटकाचं नाव ऐकून थांबली होती. माइक तीनच, वरून लोंबणारे, म्हणून महत्त्वाची वाक्यं मधल्या माइकखालीच यायला हवीत असं बसवलं होतं. पहिल्या पाच मिनिटांत सगळे माइक विसरून जिथे उभे होते तिथूनच बोलले आणि तरी ऐकू गेलं. रानात हाक मारायची सवय असलेली पोरं ती.

मावशी आली. दाराच्या चौकटीत थांबली, पदर शोधायला लागली. मंडपात हशा चढत गेला. पुढच्या रांगेत सतरंजीवर एक आजी बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना बहुधा कोण पुरुष नि कोण बाई याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्या मोठ्याने ओरडल्या, “अगं डोईवरनं घे की, पाव्हणं बसल्यात!”

असं तालमीत झालेलं नव्हतं. मी विंगेत होते, माझ्या शेजारी वही घेऊन ती मुलगी. पोरगा हसला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. तो हसला नाही. आजींकडे वळला, मनापासून ओशाळला आणि “व्हय व्हय, ध्यानातच न्हाय आलं बघा,” म्हणून डोक्यावरून पदर घेतला. घेतला तो इतका पुढे की चेहरा झाकला गेला आणि त्याला खुर्ची दिसेना. चाचपडत तो म्हाताऱ्याच्याच मांडीवर बसायला निघाला. मंडप फुटला. हशा चढला, उतरेचना. मोरू थांबला होता. म्हातारा थांबला होता. मी नकळत वाक्य पुटपुटायला लागले तर त्या मुलीने माझ्या दंडावर हात ठेवला. “थांबलेत, मॅडम,” ती म्हणाली.

भर घालायची नाही हा माझा नियम त्याने मोडला आणि त्याला बोलावं असं मला वाटलं नाही. ती भर त्याची नव्हतीच. मावशीची होती.

नंतर मार्चमध्ये परीक्षा झाली, निकाल लागला. नाटकातली सगळी पास. स्टाफरूममध्ये याचा पुरावा म्हणून मी पुढे बरीच वर्षं उपयोग केला. पण नाटक मागे पडत गेलं ते अभ्यासामुळे नाही. डान्सने मागे टाकलं. स्पीकरवर गाणं लावायचं, तीस पोरं एकदम स्टेजवर चढवायची, तीस घरचे मोबाइल वर धरून पुढे येणार, प्रत्येकाला आपलं पोरगं दिसणार. नाटकात आठ जण दिसतात आणि त्यासाठी दीड महिना लागतो. हिशोब केला तर डान्सच परवडतो. मी निवृत्त झाले त्या वर्षी गॅदरिंगमध्ये बोललं गेलेलं एकमेव वाक्य सूत्रसंचालनाचं होतं.

अलीकडेच त्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मला घेतलंय. माजी विद्यार्थी मेळावा आहे, आणि त्यांनी परत ‘मोरूची मावशी’ करायचं काढलंय. मोरू सैन्यात, रजा मिळेल की नाही ठाऊक नाही. म्हाताऱ्याचं काम केलेला आता पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवारच येऊ शकतो. आणि मावशीवाल्याचं कृषी सेवा केंद्र आहे. तो म्हणतो, ऐन छाटणीच्या हंगामात दुकान सोडून तालमीला येणं अशक्य. गावात अजून त्याला मावशीच म्हणतात, उधारी मागायलाही “मावशी, लिहून ठेव की” म्हणून येतात, त्यामुळे त्याला काही नव्याने मिळवायचं नाही.

यंदा मावशी कोण, यावर ग्रुपवर तीन दिवस खल चालला. चौथ्या दिवशी त्या प्रॉम्प्टर मुलीचा मेसेज आला. ती आता दोन मुलांची आई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिने लिहिलं होतं, मी करते, सगळ्यांची वाक्यं मला पाठ आहेत, वहीसुद्धा आहे.

लगेच उत्तरं सुरू झाली. बाईनेच मावशी केली तर त्यात विनोद काय राहिला? साडी तू रोजच नेसतेस. एकाने हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग टाकली.

तिने लिहिलं, “मी मावशीचं काम करत नाहीये. साडी नेसता न येणाऱ्या पोराचं काम करतेय. तालीम शनिवारी चार वाजता, शाळेत. उशीर करू नका, पावणेसातची एसटी अजून आहे.”